हिंव आणि झिमा

मंडळी, 'हिंव' हा शब्द आता एकटा फारसा ऐकू येत नाही, आपण 'थंडी' म्हणून मोकळे होतो. तो उरलाय 'हिवाळा' आणि 'हिवताप' यांच्या पोटात. 'ग्राम'चा गांव, 'नाम'चा नांव, तसाच 'हिम'चा हिंव. म गेला, पण जाताना अनुस्वार ठेवून गेला; १९६२च्या लेखननियमांनी तोही काढला.

आता जरा लांब जाऊ. रशियन, पोलिश, चेक या स्लाव भाषांत हिवाळ्याला 'झिमा' म्हणतात. झ आपल्या 'झाड'मधला. त्यावरून अभ्यासक सांगतात, या भाषा फुटण्याआधीच्या आदि-स्लाव भाषेतही 'झिमा' असणार. पण त्या शब्दावर ते तारा काढतात, कारण तो लिहिलेला कुठेच सापडत नाही.

मग विश्वास का ठेवायचा? आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून आम्हांला हाच प्रश्न मोठा वाटतो. न्यायदर्शनात कार्यावरून कारणाकडे जाण्याला शेषवत् अनुमान म्हणतात. कयाधूला गढूळ पूर आला की वर पाऊस झाला, हे आपण न बघता सांगतोच की! वात्स्यायनाचं उदाहरणही नदीच्या पुराचंच आहे.

मात्र एका शब्दाचं साम्य योगायोगही असेल. नियम दिसायला हवा. 'अहम्' म्हणजे मी, जुन्या स्लावमध्ये 'अझ'. 'वह्' म्हणजे वाहून नेणं, तिकडे 'वेझ'. जिथे आपला ह, तिथे त्यांचा झ. फारसीतही हिवाळा 'झमिस्तान'; निजामाच्या काळात उर्दू शिकलेल्या आजोबांना हा शब्द ओळखीचा वाटेल.

इथे कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे सगळं संस्कृतातूनच निघालं." नाही हो. 'हन्'मध्येही ह आहे, पण तिथे रशियनमध्ये झ येत नाही, ग येतो: 'ग्नात्', म्हणजे हाकलणं. ('शत्रुघ्न'मध्ये तो जुना घ अजून दिसतो.) दोन वेगळे ध्वनी संस्कृतात मिसळून एक ह झाला, स्लावने ते वेगळे ठेवले. आईने मिसळलेलं लेक पुन्हा बिनचूक वेगळं कसं करील? उलट आपला ज आणि ह त्यांच्या झमध्ये मिसळले. 'ज्ञा'चं तिकडे 'झ्ना' होतं. तेव्हा या दोघी बहिणी; आई वेगळी, आणि तिच्याही शब्दांवर ताराच.

त्या घरात वय हिवाळ्यांवर मोजत असावेत. ऋग्वेदात शंभर वर्षांचं आयुष्य मागताना शंभर हिवाळे मागितलेत. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला 'बीमुस' म्हणत, मूळ अर्थ दोन हिवाळ्यांचं. आपण बैलाचं वय दातांवर मोजतो, दोनदाती, चारदाती. तो हिशेब वेगळा.