हाताची किंमत : गिरणगाव आणि १९२३ चा कायदा

१/५
उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०. अवयव गमावल्यास कमाईची किती शक्ती गेली मानावी, याचे हे दर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होते.

२/५
त्यापूर्वी परळ-लालबागच्या गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेल्या कामगाराला दिवाणी दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता, पण तो मृताच्या वारसांसाठी.

३/५
१ जुलै १९२४ पासून ही अट गेली. कामामुळे व काम करताना इजा झाली, एवढे पुरेसे ठरले. मृत्यूसाठी ३० महिन्यांचे वेतन, कमाल २,५०० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ४२ महिन्यांचे, कमाल ३,५०० रुपये.

४/५
मोबदल्यात निवड करावी लागे : आयुक्तांकडे अर्ज किंवा दिवाणी दावा, दोन्ही नाही. शीव कोळीवाड्यात स्वतःच्या होडीवर जाणाऱ्या कोळ्याला मालकच नव्हता. त्यामुळे त्याच्यासाठी या कायद्यात काही नव्हते.

५/५
भरपाई वेतनावर ठरे. गिरणीतील स्त्रियांचे वेतन पुरुष विणकरांहून कमी. म्हणून तीच बोटे तुटली तरी त्यांच्या बोटांचे मोल कमी. कायद्याने दोष सिद्ध करण्याचे ओझे उतरवले, वेतनातील विषमता मात्र तशीच भरपाईत उतरली.