धरणगावची पलटण आणि सातपुड्याचा ताप

जळगाव जिल्ह्यातील धरणगावचे नाव इतिहासात येते ते भिल्ल पलटणीमुळे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुडा आणि सातमाळ्यातील भिल्लांना लष्कराच्या बळावर नमवण्याचे प्रयत्न काही वर्षे झाले. ते फारसे यशस्वी झाले नाहीत. शेवटी १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले. भिल्लांनाच नोकरीत घेऊन त्यांची पलटण उभारायचे ठरले. हे काम जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यावर सोपवले गेले आणि पलटणीचे ठाणे धरणगावला झाले.

या बदलामागची राजकीय कारणे आपण शिकवतो. पण एक कारण आरोग्याचेही होते. बाहेरून आलेले सैनिक डोंगरात राहिले, विशेषतः पावसाळा ओसरल्यानंतरच्या महिन्यांत, की तापाने आडवे होत. शत्रूपेक्षा तापाचीच धास्ती जास्त असे. तिथेच राहणारा भिल्ल मात्र त्याच हवेत वावरताना दिसे. त्यामुळे ‘भिल्लाला ताप बाधत नाही’ अशी समजूत झाली. ही समजूत कितपत खरी होती, हे तपासायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षांचे विज्ञान पाहावे लागेल.

हवा की डास?

त्या काळी ताप खराब हवेने येतो असे मानत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. खानदेशचे गॅझेटियर १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अल्जीरियात लॅव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हे परजीवी सापडले. हवा निर्दोष ठरली. पाऊस संपताना साचून राहणारे पाणी, त्यात वाढणारे डास आणि त्या महिन्यांतला ताप यांची संगती लागली.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. डास तर सैनिकालाही चावत होता आणि भिल्लालाही. मग फरक का पडावा?

उत्तराचा पहिला भाग असा. जिथे हिवताप सतत असतो तिथे मूल लहानपणापासून पुन्हा पुन्हा आजारी पडते. जे जगते त्याच्या अंगी हळूहळू काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. मोठेपणी त्याला ताप आला तरी तो सहसा जीवघेणा ठरत नाही. नव्याने आलेल्या सैनिकाला ही सवड मिळालेली नसते. म्हणजे सैनिकांना धडधाकट दिसणारे भिल्ल हे लहानपणाच्या तापातून वाचलेले लोक होते. जी मुले वाचली नाहीत ती कोणाच्या नजरेस पडली नाहीत. लष्कर आपल्या आजारी शिपायांची मोजदाद ठेवी; पाड्यावरच्या मुलांची मोजदाद ठेवणे त्याचे कामच नव्हते. ‘ताप बाधत नाही’ ही समजूत अशा अपुऱ्या मोजणीतून आली होती.

रक्तातली नोंद

उत्तराचा दुसरा भाग वेगळ्याच वाटेने आला. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक या डॉक्टरने एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन केले. हाच सिकलसेल आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हे घडते. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक होते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते.

इतका घातक दोष काही प्रदेशांत टिकून का राहतो? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले, की वाहक मुलांना तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. परजीवी शिरलेली त्यांची पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला काढून टाकते.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरहून त्याची नोंद झाली. पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासींमध्ये दीर्घकाळ काम केले. भिल्ल आणि पावरा समाजांत काही पाहण्यांत वाहकांचे प्रमाण २० टक्के वा त्याहून जास्त आढळले. १८२५ च्या पलटणीतील कोणाचे रक्त आज आपण तपासू शकत नाही. पण हा दोष इतका वाढायला हिवतापाचा संबंध अनेक पिढ्यांचा असावा लागतो. हा पुरावा कोणत्याही सरकारी दप्तराहून जुना आहे.

साधा हिशेब

हे प्रमाण वर्गात समजावून देता येईल. वाहक २० टक्के, म्हणजे पाचात एक असतील, तर नवरा-बायको दोघेही वाहक असण्याची शक्यता १/५ × १/५, म्हणजे १/२५. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता १/४. गुणाकार १/१००. शंभरात एक मूल! तालुक्यात वर्षाला हजार मुले जन्मली तर त्यांतली सुमारे दहा.

या मुलांना रक्तक्षय होतो, सांधे-हाडे असह्य दुखतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि ज्या हिवतापापासून वाहकाला संरक्षण मिळते, तोच या मुलांच्या जिवावर उठतो. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, लसी आणि गरजेला रक्त एवढे वेळेवर मिळाले तर त्यांचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. अडचण ‘वेळेवर’ या शब्दात आहे. गोळी रोज घ्यायची असते, रक्ताची तपासणी ठराविक काळाने करायची असते. पण पावसाळ्यात पाड्याची वाट तुटते, आणि दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला निघाले की मूलही जाते आणि औषधात खंड पडतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी हवीच. मात्र नुसत्या तपासणीने मोजणी पूर्ण होते, उपचार होत नाहीत.

शिक्षकांसाठी

शिक्षक मित्रहो, आनुवंशिकता शिकवताना आपण वाटाण्याचे उदाहरण घेतो. खानदेशात हे उदाहरणही घ्यावे, पण दोन पथ्ये पाळून. हा ‘आदिवासींचा रोग’ असे म्हणू नये. विदर्भातील इतर समाजांत, आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य सागराकाठीही तो आहे. आणि कोण वाहक आहे हे वर्गात कधीही विचारू नये. वाहक असणे हा आजार नव्हे आणि दोषही नव्हे.

आश्रमशाळेत एखादे मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणत असेल, थंडीत अंथरुणातून उठत नसेल, डोळे पिवळट दिसत असतील, तर ते आळशी आहे असे ठरवण्याआधी त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. दोनशे वर्षांपूर्वी धरणगावच्या लष्कराने धडधाकट माणसे पाहिली आणि आजारी मुले पाहिली नाहीत. हजेरीपटावरचे प्रत्येक नाव रोज वाचणारे आपण ती चूक टाळू शकतो.