तांब्याचा पत्रा आणि जेसनची ओळ

१९५५ साली आमच्या चिंचणीत ताम्रपट सापडले. एकूण पाच दानपत्रं, दहाव्या आणि अकराव्या शतकांतली. दिनेशचंद्र सरकार यांनी ती वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या ३२व्या खंडात छापली. त्यातलं सर्वांत जुनं पत्र शके ८४८चं, म्हणजे इसवी सन ९२६चं. राजा राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा इंद्र. त्याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा माणूस मात्र अरब. त्याने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला गाव आणि जमीन दिल्याची ही नोंद. संजाण आता गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात येतं.

ही गोष्ट सहसा धार्मिक सलोख्याचं उदाहरण म्हणून सांगतात. सांगावीच. पण मी पोटापाण्यासाठी नेटवर्क तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं डोकं वेगळ्याच ठिकाणी अडकतं: लिहिणारा, वाचणारा, राजा, भाषा, लिपी, सगळं बदलून हजार वर्षं गेल्यावरही ही 'फाइल' उघडली कशी?

ताम्रपटाचा साचा ठरलेला असतो. आधी मंगल चिन्ह आणि नमन, मग राजाची वंशावळ, देणारा, घेणारा, काय दिलं, कधी दिलं, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. एकाहून जास्त पत्रे असतील तर ते कडीत ओवून त्यावर मुद्रा, म्हणजे पानं मागेपुढे होत नाहीत आणि कुणी मधलं पान गुपचूप बदलू शकत नाही. वंशावळीचा आज कंटाळा येतो, पण 'हा इंद्र नेमका कोणता' हे तिच्यावरूनच कळतं. दस्तऐवज स्वतःची ओळख स्वतःच सांगतो.

आमच्या धंद्यातला ताम्रपट म्हणजे पीकॅप फाइल. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प लिहिलं. तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट पकडून साठवायचं, हे त्याचं काम. या फाइलचे पहिले चार बाइट ठरलेले: ए१, बी२, सी३, डी४. ते उलट क्रमाने दिसले, तर फाइल उलट्या बाइट-क्रमाच्या यंत्रावर लिहिली गेली हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. चार बाइटांत मंगल चिन्हही आलं आणि वाचायची दिशाही. मला हे अजूनही भारी वाटतं.

पण पीकॅप वंशावळ सांगत नाही. पॅकेट कोणत्या यंत्रावर पकडलं, का पकडलं, सोबत काय टीप होती, याला तिच्यात जागाच नाही. म्हणून पुढे पीकॅप-एनजी आली. तिच्यात माहितीचे वेगवेगळे ठोकळे असतात, टिपाही लिहिता येतात. २०१२मध्ये वायरशार्कने फाइल साठवण्यासाठी तीच मूळ निवड केली.

काळाचं दुखणं तर जुनंच. शके ८४८ वाचताना त्यात ७८ मिळवायचे हे ठीक, पण वर्ष 'गत' धरायचं की 'चालू' यावर एका वर्षाचा फरक पडतो आणि अभ्यासकांना तिथी-वार जुळवत बसावं लागतं. यंत्रं सेकंद मोजतात १ जानेवारी १९७० पासून. पीकॅपमध्ये त्यासाठी ३२ बिटांची जागा आहे; ती २१०६ साली भरेल. चाचणीचा निकाल साठवताना वेळ यूटीसीत लिहिली नाही, तर बोईसरची रात्र आणि बर्लिनची संध्याकाळ यांचा तोच गत-चालू घोळ होतो.

इतकी घासाघीस का, तर हे निकाल पुढे पुरावा ठरतात. ऊनी नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प २०१२पासून जगभरात कुठली संकेतस्थळं अडवली जातात याची मोजमापं गोळा करतो. त्यांनी सुरुवातीला यॅमल निवडलं. माणसाला वाचायला छान, यंत्राला दळायला जड. यॅमलच्या जुन्या आवृत्तीत आणखी एक गंमत आहे: अवतरणचिन्हांशिवाय 'एनओ' लिहिलं की वाचणारा प्रोग्रॅम त्याचा अर्थ 'नाही' असा घेतो. आणि नॉर्वेचा देश-संकेत एनओच आहे! म्हणजे देशाच्या रकान्यातून अख्खा नॉर्वे गायब. ऊनी पुढे जेसनवर गेलं. त्यांच्या प्रत्येक नोंदीत डेटा-फॉरमॅटची आवृत्ती लिहिलेली असते, आणि सर्व्हरकडून आलेले अक्षरांत न बसणारे बाइट बेस-६४मध्ये गुंडाळून तसं स्पष्ट नोंदवलेलं असतं.

ते गुंडाळणं किती महत्त्वाचं, हे मधुमतीला विचारा. ताम्रपटात त्या अरब अधिकाऱ्याचं नाव 'मधुमती' आहे, म्हणजे मुहम्मद. वडील 'सहियारहार', म्हणजे शहरियार. संस्कृतच्या साच्यात बसवताना मूळ उच्चार घासला गेला. तो ओळखता आला, कारण शेजारीच तो 'ताजिक' म्हणजे अरब असल्याची नोंद होती. मराठीने हा मार अलीकडेही खाल्लाय. युनिकोडपूर्वी आपला मजकूर ज्या त्या फॉन्टच्या खाजगी संकेतांत टाइप व्हायचा. तो फॉन्ट नसेल तर अख्खा दिवाळी अंक 'भ' ऐवजी कंस आणि उद्गारचिन्हं दाखवतो. फाइल शाबूत, मजकूर गेला. हजार वर्षं सोडा, वीससुद्धा झाली नाहीत.

सीएसव्हीचं नाव मी मुद्दाम काढलं नव्हतं. वेग आणि विलंब यांचे नुसते आकडे असतील तर ती चालते, एक्सेलमध्ये लगेच उघडते, साहेब खूश. पण सर्व्हरच्या उत्तरात स्वल्पविराम येतात, नव्या ओळी येतात, आणि रकाने सरकतात.

मला विचाराल तर निकालांसाठी ओळीगणिक जेसन घ्यावा: एक मोजमाप, एक ओळ. चाचणी चालू असताना वीज गेली (पालघर जिल्ह्यात हा काल्पनिक प्रसंग नाही), तर शेवटची अर्धवट ओळ फेकायची, वरच्या सगळ्या वाचता येतात. एकाच मोठ्या कंसात सगळं कोंबलं असतं, तर तो बंद न झाल्यामुळे साधा वाचक प्रोग्रॅम पूर्ण फाइलच नाकारतो. मूळ पॅकेटं बाजूला पीकॅप-एनजीत ठेवायची, आणि जेसनच्या प्रत्येक ओळीत फॉरमॅटची आवृत्ती, साधनाची आवृत्ती, यूटीसी वेळ आणि त्या पॅकेट-फाइलचा हॅश लिहायचा. पुन्हा पुन्हा तेच लिहिल्याने फाइल फुगते, अशी तक्रार येईल. दाबून ठेवली की फुगवटा बराचसा जातो. आणि प्रत्येक दानपत्रात वंशावळ पुन्हा कोरणाऱ्या कारागिराला तर तांब्यावर हाताने छिन्नी चालवावी लागत होती.