चिंता आणि मेद

चिंतेने माणूस झडतो आणि निश्चिंतीने पुष्ट होतो, या लोकसमजुतीला चरकसंहितेचा भक्कम दाखला आहे. सूत्रस्थानाच्या 21व्या अध्यायात ज्या आठ निंद्य पुरुषांची गणना केली आहे, त्यांतील अतिस्थूलाची कारणे सांगताना ग्रंथकार मधुर-स्निग्ध आहार, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव आणि बीजस्वभाव यांच्याच पंक्तीस नित्य हर्ष व अचिंतन यांना बसवितो. आणि उपचारांत जागरण व व्यायाम यांच्या जोडीने चिंतनाचीही तजवीज करतो, तीही क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची! (असा वैद्य आज किती रोगी टिकवील, कोण जाणे.) मेदाने मार्ग रोधले गेल्यामुळे कोठ्यात संचरणारा वायू अग्नीस चेतवितो आणि म्हणून स्थूलास वारंवार अन्नाची आकांक्षा होते, ही त्याची उपपत्ती मोठी मार्मिक आहे.

पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड व हेलन कॅप्लान या मनोवैद्यक दांपत्याने 1957 साली नेमका उलट पक्ष मांडला: खाण्याने मनाची व्याकुळता शमते, म्हणून व्याकुळ मनुष्य भुकेवाचूनही खातो व स्थूल होतो. वास्तविक एकच काळजी एकाचे अन्न तोडते आणि दुसऱ्यास फराळाच्या डब्याकडे नेते. प्रकृतिभेद इतक्या बारकाईने मांडणाऱ्या चरकाने येथे मात्र तो विचारात घेतला नाही, ही उणीव मान्य करावीच लागेल.