सहा ग्रॅमच्या पुडीचं कूळ

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडकडे कपाशीच्या पानांवर कोनाकार, तेलकट ठिपके दिसले की कृषी केंद्रात मागायचं नाव ठरलेलं असे: स्ट्रेप्टोसायक्लीन. दहा लिटर पाण्याला ते १ ग्रॅम, सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम, की पंप पाठीवर. सहा ग्रॅमच्या त्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसीन आणि १० टक्के टेट्रासायक्लीन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनेही ती बनवली. कूळ मात्र मातीतलं.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्सला, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्याने भरपूर शेणखत खाल्लेल्या मातीतून ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’ हा जिवाणू वेगळा केला. क्षयावर लागू पडणारं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, त्याच्यापासून मिळालं. पुढे गुरु-शिष्य कोर्टात गेले. १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं, हे काही न्यायाला धरून झालं नाही.

हा जिवाणू बारा महिने औषध करत नाही. आधी तो बुरशीसारखे धागे पसरून नुसता वाढतो. तोवर ‘अर्प-ए’ नावाचं प्रथिन जागल्यासारखं एका कळीच्या जनुकावर बसून असतं. धागे दाटले की त्यांनीच सोडलेला ‘ए-फॅक्टर’ साचतो आणि या प्रथिनाला चिकटून त्याला उठवतो. ए-फॅक्टर सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव यांनी शोधला. पुढची साखळी टोकियोत बेप्पू आणि होरिनोउची यांनी उलगडली. मोकळ्या झालेल्या जनुकातून ‘अ‍ॅडप-ए’ हे प्रथिन बनतं, ते ‘एसटीआर-आर’ या जनुकाला जागं करतं आणि मग स्ट्रेप्टोमायसीनची सगळी जनुकं कामाला लागतात. बीजाणू धरायचा इशाराही ए-फॅक्टरच.

एसटीआर-आरला लागूनच उताऱ्याचं जनुक आहे आणि दोन्ही एकदमच वाचली जातात. त्या उताऱ्यातलं विकर स्ट्रेप्टोमायसीनला फॉस्फेट जोडून निकामी करतं, म्हणून करणारा स्वतः मरत नाही. विषासोबत उतारा घरातच! अडचण अशी की याच तऱ्हेचे उतारे इतर जिवाणूंकडेही आहेत, आणि जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. फवारणीत उतारावाले तेवढे तगतात, वाढतात.

म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनच्या या मिश्रणाचा शेतीतला वापर बंद केला. निर्णय उशिराचा, पण बरोबर. घरात जुनी पुडी उरली असेल तर ती पंपात घालू नका. कॉपर ऑक्सिक्लोराइडवर बंदी नाही.