पावती असं नाव असलेलं नाणं

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचा पेपर असतो. वाङ्मयचौर्य, बनावट डेटा, शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, हे सगळं तुम्ही तिथे शिकाल. पण बाहेरचा माणूस नमुना घेऊन तुमच्या टेबलाशी आला, तर काय करायचं? हे तिथे फारसं येत नाही. माझ्यावर ती वेळ एका नाण्यामुळे आली.

एका संग्राहकांनी राखाडी रंगाचं, विलक्षण हलकं नाणं आणलं. एका बाजूला सहा टोकांचा तारा, ‘गेटो’ हा शब्द आणि १९४३. दुसऱ्या बाजूला जर्मन भाषेत ‘५ मार्कांची क्विटुंग’. क्विटुंग म्हणजे पावती. “अॅल्युमिनियम की मॅग्नेशियम, एवढं फक्त लिहून द्या,” ते म्हणाले.

हे नाणं पोलंडमधल्या वूच शहराच्या गेटोतलं. नकाशात स्पेलिंग वाचून आपण त्याला लोड्झ म्हणतो. नाझींनी शहराचं नावच बदलून लिट्झमानश्टाट केलं आणि ३० एप्रिल १९४० रोजी सुमारे १,६०,००० ज्यूंना कुंपणाआड बंद केलं. आत जर्मन मार्क बाळगायला बंदी. असतील नसतील तेवढे मार्क जमा करायचे आणि बदल्यात ‘पावत्या’ घ्यायच्या. सुरुवातीला त्या नोटांच्या रूपात होत्या, १९४२-४३ मध्ये नाणी आली. कुंपणाबाहेर त्यांची किंमत शून्य. म्हणजे एका फटक्यात लोकांचा पैसाही काढून घेतला आणि बाहेरून चोरून भाकरी विकत घेण्याची वाटही बंद केली. ज्यू परिषदेचे प्रमुख रुमकोव्स्की, म्हणून लोक या पैशाला ‘रुमकी’ म्हणायचे. या नाण्यावरचं साल पुन्हा बघा. १९४२ मध्येच या गेटोतून ७०,००० हून अधिक माणसं खेउम्नोच्या छावणीत नेऊन मारली गेली होती. नाणं त्यानंतरचं.

स्वस्तिक असलेलं हिंडेनबर्गचं ५ मार्कांचं चांदीचं नाणं मला इतकं अस्वस्थ करत नाही. ते लाखोंनी पाडलं गेलं, दूधवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात होतं. एखाद्याने ते इतिहास म्हणून जपलं तर माझी हरकत नाही. गेटोचं नाणं मात्र फक्त कैद्यांच्याच हातात फिरलं.

आता आपल्या विषयाकडे. मॅग्नेशियमची घनता १.७४, अॅल्युमिनियमची २.७०. आर्किमिडीजची पद्धत पुरते. (पाण्याऐवजी अल्कोहोल वापरा, मॅग्नेशियम पाण्यात गंजतं. हातात धरायच्या एक्सआरएफवर विसंबू नका, मॅग्नेशियम इतकं हलकं मूलद्रव्य त्याला नीट दिसत नाही.) दहा मिनिटांचं काम. अडचण ती नव्हतीच. या नाण्यांच्या नकला खूप आहेत, त्यामुळे लॅबच्या कागदावरचा एक आकडा लागला की भाव चढतो. भाव चढला की नकला वाढतात, आणि जुन्या जागा उकरणारेही. म्हणजे मी ‘नुसतं मोजलं’ तरी मी त्या बाजारात उभाच.

मग नकार द्यायचा? मला आधी तेच सोपं वाटलं. पण खोटं नाणं खरं म्हणून संग्रहालयात गेलं, तर तो त्या माणसांच्या इतिहासावरही अन्याय. आणि हे मोजमाप आपल्यासारख्यांनीच करायचं असतं.

गाइडशी बोलून मी दोन अटी घातल्या. नाणं कुठून, कुणाकडून आलं ते लेखी द्यायचं. आणि आकडा कुणाच्या नावाच्या प्रमाणपत्रावर न देता फोटोसकट सगळ्यांना वाचता येईल असा प्रसिद्ध करायचा.

ते म्हणाले, घरी बघून कळवतो. दीड वर्ष झालं. आमच्या नमुना-नोंदवहीत ‘वस्तू कुठून आली’ असा रकाना तेव्हा नव्हता, आता आहे. त्यात पहिली ओळ त्यांची आहे, तारीख लिहिलेली, पुढे कोरी.