गिरणगावची कबड्डी आणि शिट्टीमागचा माणूस

१/ लालबाग-परळच्या कबड्डीचा इतिहास चढाया आणि पकडींचा मानला जातो. मंडळांच्या या स्पर्धा ज्यांच्या शिट्टीवर चालल्या, त्या हौशी पंचांची नोंद मात्र क्वचितच सापडते.

२/ नियमानुसार एका सामन्याला सहा अधिकारी लागतात: सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक.

३/ पुरुषांचा सामना मध्यंतरासह ४५ मिनिटांचा. एका संध्याकाळी सहा सामने म्हणजे, वाद आणि दुखापतींचा खोळंबा न धरताही, साडेचार तास. दिवसभर नोकरी करून आलेल्या पंचाने प्रत्येक चढाईत दम, स्पर्श, निदान रेषा आणि बोनस रेषा एकाच वेळी पाहायची.

४/ १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. बँका, रेल्वे आणि कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. पंचगिरी मात्र हौस आणि मानधनावरच राहिली.

५/ २६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली. तिथे निर्णय तपासायला कॅमेरे आले. गल्लीतल्या मैदानावर पंचाला आजही डोळ्यांचाच आधार. प्रेक्षक मात्र त्याच्याकडून कॅमेऱ्याची अचूकता मागतो.

६/ स्पर्धा वाढवायची, तर खेळाडूंइतकेच पंचही घडवावे लागतात.